जवाईबापू, व्हयनं का?

मी राहतो जळगावला, सासुरवाडी पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. माझं आतडं मात्र फक्त जळगावचं रहिवासी आहे. घरी सकाळी सहा चाळीसला, पहिल्या चहाचा कप खाली ठेवला की ते आपणहून हाक मारतं. सासरी गेलं की मौनाचं व्रत घेतं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस मुक्काम होता. पहिल्याच दुपारी खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, भजी. मांडा म्हणजे हातावर फिरवत फिरवत उपरण्याएवढी केलेली पुरणपोळी. एकच खाल्ला असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटतं जेवलाच नाही. चारला टरबूज, पाचला चहा आणि शेव, रात्री 'हलकंसं' म्हणून शेवभाजी, तीवर बोटभर तर्री.

आता मी शाळेत विज्ञान शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर आतडं काढतोय, सहा मीटर लहान, दीड मीटर मोठं. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल सुटतो आणि घास पुढे सरकतो. बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शरीरशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये हा नियम मांडला. पोरांना मी ठासून सांगतो की या कामाला मेंदूची परवानगी लागत नाही, आतड्याच्या भिंतीत स्वतःच्याच दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. सासुरवाडीत नेमकं हेच स्वयंपूर्ण खातं दर वेळी मेंदूकडे फाईल पाठवतं. आणि मेंदू म्हणतो, थांब, लोक बघतायत.

बघतातच. उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपतं. पहाटे शिडीवरून उतरायचं तर तीन मेहुणे, दोन मेहुण्या आणि आजेसासूबाई ओलांडाव्या लागतात. खाली अंगणातून बादली घेऊन गोठ्याच्या कडेने जायचं. तिथे पत्र्याचं दार, कडी नाही, म्हणून आतल्याने खोकत राहायचं. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला खरं तर हाक आली होती. मी गेलोही. पुढे चार जण उभे होते आणि आत कुणीतरी खोकत होतं. मी मुकाट परत फिरलो. हाकेचं एक असतं, मान राखला नाही तर ती रागावून आल्या पावली निघून जाते आणि पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा नाही.

परतलो तर आजेसासूबाई खाटेवरून अहिराणीत म्हणाल्या, "व्हयनं का, जवाईबापू?" म्हणजे, झालं का?

"नाही अजून."

बस. नाश्त्यापर्यंत ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचली. त्यानंतर जो येईल तो 'राम राम' नंतर तेच विचारी. हार्वर्डचा शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन क्ष-किरणांखाली मांजरांचं पोट बघत असे. मांजर घाबरलं की पोटाची हालचाल ठप्प, शांत झालं की पुन्हा सुरू. त्या मांजरांना निदान कुणी अहिराणीतून विचारत नव्हतं.

चुलतसासरे रेल्वेच्या भुसावळ यार्डातून निवृत्त झालेले. त्यांनी मला खाटेवर बसवून घेतलं. "मोठं आतडं म्हणजे यार्ड समजा. माल आला की लगेच सुटत नाही. डबे मागं-पुढं, मागं-पुढं, नुसतं शंटिंग. दिवसातून दोन-चार वेळा लाइन क्लिअर मिळते, तेव्हा सगळा रेक, अख्खी मालगाडी, एकदम हलतो. जेवणानंतर जास्त करून." वीस वर्षांत मला फळ्यावर हे इतकं नीट जमलेलं नाही. "आणि उभ्या मालाचं काय होतं?" मी विचारलं. "वाळतो," ते म्हणाले.

हे तर मला माहीत होतं. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं. बाहेर त्रेचाळीस अंश, घाम वाहतोय, आणि मी रात्री शिडी उतरावी लागू नये म्हणून पाणी मोजून पीत होतो! शिवाय पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडू मारत जाणारी एक लाट निघते. तोंडात काही पडलं की ती थांबते. सासुरवाडीत जवायाचं पोट जागेपणी दोन तास रिकामं राहिल्याची नोंद नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी एरंडेलची बाटली आणि चमचा समोर ठेवला. पोरांना मी हेही शिकवतो, की एरंडेल आतड्याच्या स्नायूंना चिमटा काढतं आणि दोन ते सहा तासांत निकाल लावतं. माझी एसटी तासाभरात होती. हिशेब करून मी हात जोडले. त्याऐवजी त्यांनी आग्रहाने दोन मांडे, वाटीभर रस आणि वर कडक चहा घातला. बायको पदराआड हसत होती.

गाडीने पारोळा सोडलं. गार वारा आला. कुणी ओळखीचं नाही, कुणी विचारणारं नाही. आणि अचानक, यार्डात तीन दिवस खोळंबलेल्या रेकला लाइन क्लिअर मिळाली.

एरंडेल चुकवलं, एरंडोल चुकलं नाही. त्या गावच्या स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत मी उडी मारली. कंडक्टरला एवढंच म्हणालो, "पाच मिनिटं, दादा." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

बारा मिनिटांनी परत आलो. अख्खी गाडी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. कंडक्टर दारात दोरीला हात लावून उभा. मी पायरीवर पाय ठेवला, तसा तो हळूच वाकला.

"व्हयनं का?"

मी मान डोलावली. त्याने डबल बेल मारली.