न थांबणारी लिफ्ट आणि आईचा गुडघा

आज सकाळी परत तेच. ऑफिसच्या बिल्डिंगखाली लिफ्टची रांग गेटपर्यंत आलेली, चार लिफ्ट, त्यातली एक बंद, एक सतराव्या मजल्यावर अडकल्यासारखी उभी, आणि खाली आम्ही साठ-सत्तर माणसं मान वर करून आकडे बघत बसलोय. अकरा मिनिटं गेली माझी. अशा वेळी मला हमखास इंग्लंडमधलं शेफील्ड आठवतं.

मी आर्किटेक्चरला होते तिथे, आमचं डिपार्टमेंट युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स टॉवरमध्ये. वीस मजली इमारत, १९६५-६६ च्या सुमाराची. तिथे साध्या लिफ्ट आहेतच, पण शेजारी पॅटरनॉस्टर आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, विहिरीवरचा रहाट आठवा, पोहऱ्यांची माळ असते ना, एका बाजूने भरून वर येते आणि दुसऱ्या बाजूने रिकामी खाली जाते, तसंच हे. पोहऱ्यांच्या जागी लाकडी खोल्या, प्रत्येकीत दोन माणसं मावतील एवढीच जागा, दार नाही, बटण नाही, आणि थांबणं तर नाहीच. आर्ट्स टॉवरमध्ये अशा ३८ खोल्या दिवसभर फिरत असतात, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली. नावही त्यावरूनच पडलंय, पॅटरनॉस्टर म्हणजे लॅटिनमधल्या ख्रिस्ती प्रार्थनेचे पहिले दोन शब्द, ती प्रार्थना म्हणत जपमाळेचे मणी ओढतात तशा या खोल्या एकामागून एक सरकतात.

पहिल्या दिवशी सगळे घाबरतात. माझ्या वर्गातली मुलं दोन-दोन खोल्या सोडून देत होती, मी मात्र पहिल्याच खोलीत चढले, कारण कॉलेजची पाच वर्षं डोंबिवलीहून लोकल पकडलेली. गाडी पूर्ण थांबायच्या आत पाय टाकायचा, हात दांडीवर, नजर पुढे, मागे बघायचं नाही, हे अंगातच होतं. आणि खरं तर लोकलपेक्षा हे कितीतरी सोपं, वेग सेकंदाला जेमतेम एक फूट, म्हणजे आपण चालतो त्याहूनही हळू.

आता हिशोब बघा. साधारण दहा-बारा सेकंदांनी पुढची खोली समोर येते. म्हणजे वाट बघणं हा प्रकारच नाही. लेक्चर सुटलं की शंभर पोरं एकदम बाहेर पडतात, साध्या लिफ्टसमोर लगेच गर्दी साचते, आणि पॅटरनॉस्टरसमोरची रांग मात्र सरकत राहते, दोन-दोन, दोन-दोन, आणि तेही प्रत्येक मजल्यावर एकाच वेळी. साध्या लिफ्टचं दुखणं काय, तर एका शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, एकच डबा. तो वर गेला की खालच्यांनी थांबायचं, मधे प्रत्येक मजल्यावर दार उघडणार, कुणी येतंय का बघणार, बंद होणार. लांब जायचं असेल तर अर्थात साधी लिफ्टच बरी, पॅटरनॉस्टरने अगदी वरपर्यंत जायला चारेक मिनिटं लागतात. पण तीन-चार मजल्यांची ये-जा करायची असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी अनुभवाने सांगतेय.

आणि सगळ्यात वर गेल्यावर काय होतं, हे सगळे विचारतात. खोली उलटी होत नाही. क्षणभर अंधारतं, चाकांची घरघर अगदी कानाशी येते, खोली आडवी सरकते आणि मग तीच खोली खाली निघते.

धोका आहे, नाही कशाला म्हणू. माणसं अडकली आहेत, जीवही गेलेत. म्हणूनच पश्चिम जर्मनीत १९७४ मध्ये नवीन पॅटरनॉस्टर बांधायला बंदी आली. मग जून २०१५ मध्ये जर्मनीत नियम आला की ज्यांना माहिती देऊन तयार केलंय अशा कर्मचाऱ्यांनीच ते वापरायचं, आणि लोक इतके चिडले की थोड्याच दिवसांत तो सैल करावा लागला. मला तो राग पूर्ण समजतो. शंभर वर्षं जुनं यंत्र नीट तेलपाणी करून चालू ठेवलंय, लोक वापरतायत, तर ते काचेमागे का ठेवायचं? आहेत ती चालू राहिलीच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

पण नवीन बांधा असं मी म्हणणार नाही. का, ते आईमुळे.

आई माझ्या पदवीदानाला आली होती. सत्तावीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी केलेली बाई, आठ-सतराच्या गर्दीत घुसणारी. मी म्हटलं चल, तुला गंमत दाखवते. ती समोर उभी राहिली, पदर खोचला, एक हात पुढे केला. एक खोली गेली. दुसरी आली, तिने उजवा पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. गुडघा. तिसरी गेली. मग हळूच म्हणाली, "अगं, हे थांबतच नाही का गं कुणासाठी?"

मला त्या क्षणी फार लागलं ते. साध्या लिफ्टला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण ती थांबते. व्हीलचेअर, कुबड्या, बाबागाडी, दोन पिशव्या घेतलेली म्हातारी, सगळ्यांसाठी दार उघडं धरून उभी राहते. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणारा एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला, वरचा दोर कापायला लावला आणि ब्रेकने फळी जागच्या जागी अडकली, तेव्हापासून लोक बिनधास्त या डब्यात पाय ठेवतायत.

माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही जमवा ना. एकाच शाफ्टमध्ये अनेक डबे फिरवायचे, पण प्रत्येक डबा थांबणारा, दाराचा. जर्मनीतच रॉटवाइलला २४६ मीटरच्या टॉवरमध्ये २०१७ मध्ये दोराशिवाय, चुंबकाच्या जोरावर वर, खाली आणि आडव्या जाणाऱ्या लिफ्टची चाचणी दाखवली गेलीये, म्हणजे अशक्य काही नाही. आपल्याकडे चाळीस-चाळीस मजले चढवताना लिफ्टचा विचार मात्र आधी फ्लॅट किती बसतात ते ठरल्यावर होतो, याची मला या धंद्यात राहून चीड येते.

त्या दिवशी शेवटी आई साध्या लिफ्टने गेली आणि मी पॅटरनॉस्टरने. ती आधी पोचली. मी वर येत होते तेव्हा तिला आधी माझे केस दिसले असणार, मग चेहरा, मग खांदे. ती काठापासून दोन पावलांवर उभी होती आणि गाडीत मागून येणाऱ्या बाईला आत ओढून घेतात ना, तसा हात पुढे करून म्हणाली, "ये, ये, धर."