योहानाचे पाय

डच चित्रकला म्हटलं की आपल्या बोलण्यात रेम्ब्रांट, व्हर्मीर, व्हॅन गॉग, एवढीच नावं येतात. मला त्यांच्या कितीतरी आधीच्या एका पोराबद्दल लिहायचंय. पोरच म्हणायचं, कारण तो अठ्ठाविसाव्या वर्षी गेला म्हणतात, 1490च्या सुमारास. नाव खेर्तखेन तोत सिंट यान्स. खेर्तखेन म्हणजे छोटा खेरार्ड, घरात गणेशचा गणू होतो तसं. नेदरलँड्समधल्या हारलेम शहरात, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नावाने चालणाऱ्या सरदारांच्या धर्मसंघाकडे राहायचा, म्हणून ‘सिंट यान्स’. सही केलेलं एकही चित्र नाही. त्याची जी थोडीफार हकीकत मिळते ती चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडरने 1604मध्ये लिहिली, शंभराहून जास्त वर्षांनी.

बर्लिनच्या गेमेल्डेगालेरी संग्रहालयात त्याचा ‘अरण्यातला योहान’ आहे. 42 बाय 28 सेंटीमीटर, साधारण उघडून ठेवलेल्या ए-फोर वहीएवढा. अरण्यातला योहान म्हणजे गर्जना करणारा, अशी माझी समजूत. इथे तो हिरव्यागार गवतावर बसलाय, गाल हातावर टेकवून. शेजारी कोकरू, मागे ओढा आणि झाडी. आणि पायांकडे बघा. अनवाणी आहेत, एक पाय दुसऱ्यावर घासतोय. विचारात बुडालेल्या माणसाचे पाय असेच चाळा करत राहतात, त्याला पत्ताही नसतो. मी तिथून हललोच नाही. संताला इतकं जवळून, इतक्या मायेने बघितलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं रात्रीचं ख्रिस्तजन्माचं चित्र तर याहूनही लहान. काळोखात जवळचा उजेड फक्त गव्हाणीतल्या बाळाचा. तोच मरियेच्या चेहऱ्यावर पडलेला, योसेफ मागे अंधारात. दूर डोंगरावर देवदूताची प्रभा आणि मेंढपाळांची शेकोटी. उजेड-अंधाराच्या खेळाचं सगळं श्रेय आपण पुढच्या शतकांना देऊन टाकतो, ते मला पटत नाही.

त्याचं सर्वांत मोठं काम हारलेमच्या चर्चमधलं वेदीचित्र, म्हणजे वेदीवर ठेवायचं, मधल्या चित्राला दोन बाजूंना उघडमीट होणारे पंख असलेलं चित्र. प्रोटेस्टंटांच्या मूर्तिभंजनाच्या दंगलीत किंवा 1572-73च्या स्पॅनिश वेढ्यात त्याचा मधला भाग आणि एक पंख नष्ट झाला. उरलेला पंख दोन्ही बाजूंनी रंगवलेला होता, तो मधून चिरून दोन चित्रं केली. ती आता व्हिएन्नात आहेत. त्यातल्या एकात योहानाच्या अस्थी जाळल्या जाताहेत आणि मागे धर्मसंघाचे सरदार उभे आहेत. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. रेम्ब्रांटचं गाजलेलं समूहचित्र ‘नाइट वॉच’ 1642चं. तोवर हे चेहरे दीडशे वर्षांचे झाले होते.