बाख गेला १७५० साली, दावा आला आज सकाळी

स्वतःच्या व्हायोलिनवर, स्वतःच्या खोलीत, पंखा बंद करून घामाघूम होत वाजवलेला बाख, म्हणजे त्या जुन्या जर्मन संगीतकाराची रचना, काल रात्री यूट्यूबवर अपलोड केला. सकाळी मेल हजर: ‘तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेला कंटेंट आढळला.’ ०:१४ ते १:०२. मालक कोण, तर कुठलीशी म्युझिक कंपनी. अरे, बाख जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली! रचनेवर आता कुणाच्याच बापाचा हक्क नाही आणि वाजवणारा मी. मग यात तुमचं काय आहे? माझा घाम?

हरकत घ्यायला गेलो. आधी यादीतून कारण निवडा, मग एकेका चौकोनात टिक करा. शेवटचा चौकोन: खोटी हरकत घेतल्यास खातं बंद होऊ शकतं, हे मला मान्य आहे. मला मान्य! खोटा दावा ठोकणाऱ्याला असला चौकोन दाखवता का रे कधी? आणि हरकतीवर निर्णय देणार कोण? ज्याने दावा केलाय तोच. तेही तीस दिवसांत, सवडीने. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

खरं सांगू, पहिल्यांदा छाती जरा फुगलीच. हे दावे आवाज जुळवून मशीनच लावतं, आणि कुणा नामवंताच्या आणि माझ्या वाजवण्यात त्या मशीनला फरक कळला नाही! मग आठवलं, त्याच तुकड्यात माझा गंधार चांगलाच चढलाय. तोही जुळला म्हणतात. म्हणजे एक तर मशीन बहिरं, नाहीतर नामवंत माझ्याच पंगतीतला.

ई-पुस्तकांचंही तेच. बटणावर ‘खरेदी करा’, हातात पडतो नुसता वाचण्याचा परवाना. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं गायब. पैसे परत दिले. पुस्तकात टिपणं केली असतील तर वर पंचवीस डॉलर. उपकारच की! तिकडे अमेरिकेने १९९८ साली कॉपीराइटची मुदत आणखी २० वर्षं वाढवली. मेलेल्या लेखकांना लिहायला हुरूप यावा म्हणून असेल.

आणि आमच्यासारख्यांचं लिखाण? नाव कापायचं, खाली ‘साभार, लेखक अज्ञात’ चिकटवायचं आणि द्यायचं पुढे ढकलून. अज्ञात कसला, खाली नाव होतं, तुम्हीच उडवलंत ना! तिथे मात्र एक मशीन फिरकत नाही. परवा एका काकांनी माझीच पोस्ट मला पाठवली. ‘अप्रतिम! तूही असं काहीतरी लिहीत जा.’

मी अंगठा दिला.