बाटलीत काय आहे, तेवढं सांगा!

परवा दुकानात माल्ट, म्हणजे मोड आलेल्या बार्लीच्या, व्हिस्कीच्या फळीसमोर वीस मिनिटं उभा होतो आणि रिकाम्या हाताने घरी आलो. पैसे होते, घ्यायची इच्छाही होती. चार बाटल्या उचलल्या, पुढून-मागून वाचल्या, खोक्यांच्या आतल्या बाजूसुद्धा बघितल्या. हरीण होतं, धुक्यातली दरी होती, संस्थापकाची सही होती. आतली व्हिस्की किती वर्षं पिंपात मुरली हे एकीवरही नव्हतं. कसल्या पिंपात मुरली? तर म्हणे "निवडक ओकच्या पिंपांत". अहो, ओकच्याच पिंपात ठेवावी लागते! स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, म्हणून विकायची तर 700 लिटरपर्यंतचं ओकचं पिंप, किमान 3 वर्षं आणि बाटलीत किमान 40 टक्के मद्यार्क, हे 2009 च्या ब्रिटिश नियमांत लिहिलेलंच आहे. जे कायद्याने करावंच लागतं ते सोनेरी अक्षरांत छापायचं, आणि जे मला कळायला हवं ते गिळून टाकायचं. डोकं फिरतं माझं.

मी महिन्यातून दोन-तीनदा, रात्री निवांत, एखादा पेग घेणारा माणूस आहे. एक बाटली मला चार-चार महिने पुरते. म्हणूनच निवड चुकली की जीव जळतो. नाही आवडली तर दुसरी उघडायला माझ्या कपाटात बाटल्यांची रांग नाही. पुढचे चार महिने त्याच बाटलीचं तोंड बघायचं.

आणि ते शब्द! रिझर्व्ह, रेअर, स्मॉल बॅच, मास्टर्स सिलेक्शन. यातल्या एकाही शब्दाला त्या नियमांत व्याख्या नाही. उद्या कोणी 3 वर्षं 1 दिवसाची व्हिस्की भरून वर "रेअर रिझर्व्ह" छापलं तर त्याला अडवणारं कोणी नाही. आकड्याचं तसं नसतं. लेबलवर 12 लिहिलं असेल तर आतला प्रत्येक थेंब किमान 12 वर्षांचा असावा लागतो, कारण आकडा सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचाच द्यावा लागतो. साऱ्या लेबलवर डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी ही एक गोष्ट होती, आणि नेमकी तीच बाटल्यांवरून पुसली जातेय. वय नाही म्हणजे व्हिस्की वाईट, असं मी म्हणत नाही. धुराची चव असलेली कोवळी व्हिस्की कधीकधी म्हाताऱ्या व्हिस्कीपेक्षा जास्त मजा आणते. मग लिहा ना तसं! 6 वर्षांची आहे म्हणा, मी आनंदाने घेईन. लपवता का?

यात सगळा दोष कंपन्यांचाच नाही, हे मला नंतर कळलं आणि राग दुप्पट झाला. कंपास बॉक्स नावाच्या एका छोट्या कंपनीने 2015 मध्ये आपल्या दोन व्हिस्क्यांत कुठली व्हिस्की किती वर्षांची आणि किती प्रमाणात आहे, ते सगळं उघड केलं. त्यांची तक्रार झाली आणि त्यांना सांगण्यात आलं, हे कायद्यात बसत नाही. वय सांगायचं तर फक्त सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं सांगा, बाकीच्यांचं सांगाल तर गुन्हा. 2016 मध्ये त्यांनी हा नियम बदलावा म्हणून मोहीमही काढली. म्हणजे काहीच न सांगणारा नियमात बसतो आणि खरं ते पूर्ण सांगणारा नियम मोडतो. हा नियम ग्राहकाच्या भल्यासाठी आहे असं मला कोणी समजावू नये.

आता रंगाचं ऐका. जर्मनीहून आलेल्या मेव्हण्याने एक बाटली आणली. तीच माझ्याकडे आधीपासून होती. तेच नाव, तोच गडद तांबूस रंग, ज्याच्यावर भाळून मी ती घेतली होती. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत "मिट फार्बश्टॉफ", म्हणजे रंग घातलेला. माझ्या बाटलीवर त्याबद्दल चकार शब्द नाही. कॅरॅमलचा रंग घालायला स्कॉचच्या नियमांत परवानगी आहे, ते मला मान्य. तिकडे लिहावं लागतं म्हणून लिहिलं, इकडे गाळलं. एकच कंपनी, एकच माल! तिकडच्या माणसाला खरं कळावं आणि मला कळू नये, असं माझं काय चुकलंय? पिंपातून रंग येतो, जितकी गडद तितकी जुनी, हे वर्षानुवर्षं कानावर पडत आलंय. त्याच समजुतीवर पैसे कमवायचे आणि रंग डब्यातून ओतायचा. ही फसवणूकच आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

लेबल बोलत नाही म्हणून दुकानदाराला विचारावं, तर तो सांगतो, "आयला बेटाची घ्या, धूरच धूर." आयला म्हणजे स्कॉटलंडचं एक बेट. घेतली. धुराचा मागमूस नाही. त्या बेटावर धुराविना व्हिस्कीही बनते, हे मला बाटली उघडल्यावर कळलं. धूर येतो तो ओलं, मोड आलेलं बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, आगीवर वाळवतात त्यातून. बेटाचं नाव लावल्याने येत नाही. पीट वापरलंय की नाही, एवढी एक ओळ लिहायला काय जातं? काहीजण धुराचा आकडा छापतात, तोही बऱ्याचदा वाळवलेल्या बार्लीचा असतो. दारू गाळून भट्टीतून बाहेर पडेपर्यंत त्यातला कितीतरी कमी झालेला असतो.

आणि ही सगळी माहिती दडलेली असते म्हणूनच ते जाणकार माजतात. लेबलवर सरळ लिहिलेलं असतं तर यांना विचारलं कोणी असतं? यांना सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली शुद्ध व्हिस्की वाटते. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, एकाच मद्य कारखान्याची, एवढंच. एका बाटलीत शेकडो पिंपांची व्हिस्की मिसळलेली असू शकते. पण ब्लेंडेड, म्हणजे माल्टमध्ये दुसऱ्या धान्याची व्हिस्की मिसळलेली, पिणाऱ्याकडे हे असे बघतात, जणू त्याने नासकं काही प्यालंय.

गेल्या महिन्यात आमच्याकडे चारजण बसलो होतो. मामेबहीण पहिल्यांदाच माल्ट चाखत होती. एक घोट घेतला, घसा जळला, तिने पाणी मागितलं. तर ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "पाणीच घालायचं असेल तर बीअर घ्या, मॅडम. ही वाया घालवू नका."

माझा तोल गेला. म्हटलं, तुमच्या ग्लासातही पाणीच आहे! पिंपात भरताना साधारण 63.5 टक्क्यांची असते, कंपनी तिच्यात पाणी घालून 40 वर आणते आणि मग तुमच्यापर्यंत पोचते. व्हिस्क्यांचं मिश्रण ठरवणारे ब्लेंडर लोक स्वतः वास घेताना ती 20 टक्क्यांपर्यंत पातळ करतात. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी 2017 मध्ये संगणकावर मांडून दाखवलं, की धुराचा वास देणारं ग्वायाकॉल पाणी घातल्यावर वर, पृष्ठभागाशी येतं. पाण्याने वास मरतो हे कुठून शिकलात? त्यांचं उत्तर एकच, "खरा पिणारा पाणी घालत नाही." अर्धा तास आमचं हेच चाललं होतं.

तेवढ्यात तिने ग्लास हळूच बाजूला ठेवला होता. पाणी मी आणलं, तांब्या तिच्यापुढे ठेवला. "राहू दे रे दादा," म्हणाली. परत तिने त्याला हात लावला नाही. सगळे गेल्यावर तो भरलेला ग्लास मीच मोरीत ओतला.