वीस बळी कोण घेणार?

परवा आमच्या जुन्या क्रिकेटवाल्या ग्रुपवर एकाने विचारलं, "महाराष्ट्राने रणजी शेवटची कधी जिंकली रे?" रणजी म्हणजे आपल्या देशातल्या राज्यांच्या वगैरे संघांची स्पर्धा; मुंबई आणि विदर्भ त्यात वेगळे खेळतात. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने २०१४ लिहिलं. तेव्हा आपण फायनल खेळलो होतो, जिंकलो नव्हतो. खरं उत्तर १९४०-४१.

कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस. आदल्या वर्षी त्यांनी संयुक्त प्रांताला पुण्यात हरवून करंडक आणला आणि त्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवून तो राखला. त्यानंतर आपण तीन वेळा फायनलला पोचलो: १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४. तिन्ही वेळा हरलो.

यातली पहिली हार माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत मनात ठेवली. समोर मुंबई होती. तिचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. मुंबईचं नेतृत्व सुधीर नाईकांकडे होतं आणि आपल्याकडे चंदू बोर्डे होते. तरी ४८ धावांनी हरलो. "तेव्हा नाही तर कधी?" असं वडील म्हणायचे. त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं शोधतोय. आज ते लिहून टाकतो, पटलं नाही तर भांडा.

आपल्याकडे फलंदाजांची वानवा कधीच नव्हती. आपल्या संघाच्या कुठल्या गोष्टी आपण पोरांना सांगतो ते आठवून बघा. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. एका डावातला ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि जेवणाच्या सुट्टीत काठियावाडवाल्यांनी सामनाच सोडून दिला. शंतनु सुगवेकर २९९ वर नाबाद राहिले, एका धावेने त्रिशतक हुकलं. २०१६ मध्ये स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणेने वानखेडेवर दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अखंड भागीदारी केली. २०२४ पर्यंत रणजीत एवढी मोठी भागीदारी दुसरी नव्हती. ऋतुराज गायकवाडचे एका षटकातले सात षटकार तर सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेत.

आता त्या ५९४ च्या सामन्याचं पुढे काय झालं ते आठवा. आपण २ बाद ६३५ वर डाव सोडला. दिल्लीने ५९० केल्या, त्यात एकट्या ऋषभ पंतच्या ३०८. सामना अनिर्णित. पहिल्या डावातल्या आघाडीचे तीन गुण मिळाले. निर्णायक विजयाला सहा मिळतात. म्हणजे इतिहासात नोंदली जाणारी भागीदारी करूनही आपण अर्ध्याच गुणांचे धनी झालो, कारण समोरच्याचे दोन्ही डावांतले मिळून वीस बळी घ्यायला आपल्याकडे कुणी नव्हतं.

माझ्या मते आपलं दुखणं हेच आहे. आपण धावा मोजत बसतो. चार दिवसांचा सामना वीस बळींनी जिंकतात.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. २०१३-१४ चा हंगाम घ्या. सगळ्यांना केदार जाधवच्या १२२३ धावा आणि सहा शतकं आठवतात. आठवावीतच, तो हंगाम तसाच होता. पण खालच्या क गटातून वर येऊन वानखेडेवर मुंबईला हरवलं, ते दुसऱ्या डावात तिला १२९ वर गुंडाळलं म्हणून. सेमीफायनलला इंदूरमध्ये बंगाल पहिल्या डावात ११४ वर आटोपला, तो समद फल्लाहच्या डावखुऱ्या माऱ्यापुढे. फायनलला कर्नाटकने पहिल्या डावात ५१५ केल्या आणि तिथेच सामना हातातून गेला. तोच संघ, तीच बॅटिंग. गोलंदाजी चालली तेव्हा जिंकलो, नाही चालली तेव्हा हरलो.

"मुंबई शेजारी आहे, चांगली पोरं तिकडे जातात" हे कारण मी लहानपणापासून ऐकतोय आणि एके काळी मलाही पटायचं. पण विदर्भाकडे बघा. आपल्याच राज्यातला तिसरा संघ. कित्येक दशकं त्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. २०१७-१८ ला जिंकले, २०१८-१९ ला जिंकले, पुन्हा २०२४-२५ ला जिंकले. वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज होता, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक होता, हे खरंच. पण पहिला करंडक आला तेव्हा कर्नाटकविरुद्धची सेमीफायनल पाच धावांनी काढून देणारा आणि फायनलला दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी होता. घरचा वेगवान गोलंदाज. पुढे तोच गुरबानी आपल्याकडे खेळायला आला. त्याचं स्वागतच आहे, पण एवढ्या मोठ्या पट्ट्यातून आपल्याला तसा एक घडवता येत नाही याचं मला वाईट वाटतं. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगर, जळगाव, सगळं आपलंच आहे. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. तिथे एक निघू शकतो तर आणखी का नाही?

का नाही, ते मी संध्याकाळच्या नेट्सवर बघतो. भाच्याला सोडायला जातो तेव्हा तासभर बसतो. एक बारा-तेरा वर्षांचा उंच पोरगा आहे, ॲक्शन छान, खांदा मोकळा. तो ओळीने पाच-सहा बॅटिंगवाल्या पोरांना बॉल टाकत राहतो. जाळीच्या मागे त्या पोरांचे आईवडील मोबाईल धरून उभे असतात, प्रत्येक कव्हर ड्राइव्हचा व्हिडिओ होतो. अंधार पडायला लागला की या पोराला बॅट मिळते, दहा बॉल. परवा त्याच्या पायाची टाच सोललेली दिसली. बूट मोठ्या भावाचे होते, मोजे दोन-दोन घातलेले. त्याच्या बॉलिंगचा व्हिडिओ काढताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. आणखी दोन वर्षांनी त्याचा बाप म्हणेल, बॅटिंगच कर बाबा, तिकडेच नाव होतं. बापाचं तरी काय चुकलं?

त्यात खेळपट्ट्या. पाटा, म्हणजे गोलंदाजाला साथ न देणाऱ्या विकेटवर पोराने दिवसभर घाम गाळायचा आणि संध्याकाळी ६० धावांत एक बळी घेऊन घरी जायचं. निवड समिती धावांचे तक्ते बघते, तिथे शतक ठळक दिसतं. एका बाजूने वीस षटकं बांधून ठेवणाऱ्याचं नाव कुठेच दिसत नाही. जिल्हा पातळीवर निदान काही सामने तरी गवत राखलेल्या विकेटवर घ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या वेगवान गोलंदाजांची षटकं मोजा, पाठी सांभाळा. आपला मुकेश चौधरी आयपीएलमध्ये चेन्नईकडून एक हंगाम गाजवून पाठीच्या दुखण्याने पुढचा हंगाम बाहेर बसला, हे आपण पाहिलंय.

मी पुण्याजवळ गहुंजेला रणजीचा सामना बघायला जातो तेव्हा एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आम्ही मूठभर असतो. मागे एकदा शेवटच्या सत्रात आपला एक गोलंदाज धाप लागलेला असताना कर्णधाराकडे जाऊन बॉल मागत होता. कर्णधाराने नको म्हणून मान हलवली. त्याने हात पुढेच ठेवला. शेवटी मिळाला बॉल. बळी मिळाला नाही, पण त्या षटकात दोन बॉल बॅटची कड चाटून गेले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी दोन्ही वेळा उभं राहून टाळ्या वाजवल्या.