‘यंग गुडमन ब्राऊन’बद्दल एक खुलासा

अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या १८३५ सालच्या या कथेत अमेरिकेतल्या सालेमचं अख्खं गाव सैतानाला विकलेलं होतं हे सिद्ध होतं, आणि म्हणूनच तिथल्या चेटकिणींना जिवंत जाळलं, असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

कथेत काहीच सिद्ध होत नाही. रात्री जंगलात, सैतानाच्या भक्तांच्या मेळ्याकडे जाताना, कथेचा नायक ब्राऊनच्या हाती बायकोची एक गुलाबी रिबीन लागते. बायको फेथही त्या मेळ्यात सामील झाली, अशी त्याची खात्री पटते. पण सकाळी गावात शिरताना त्याला फेथ दिसते ती गुलाबी रिबिनींसकट! ते सगळं स्वप्न होतं का, असं लेखक थेट विचारतो आणि उत्तर देत नाही. उद्ध्वस्त होतो तो ब्राऊन, स्वतःच्या संशयाने.

आणि जाळणं? १६९२ च्या सालेममधल्या चेटूक-खटल्यांत कुणालाही जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिली, जाइल्स कोरीला दगडांखाली चिरडून मारलं. यातली मार्था कॅरियर कथेत नावानिशी येते. ती निरपराध होती. खटल्यांतला एक न्यायाधीश, जॉन हॅथॉर्न, लेखकाचाच पूर्वज. त्या बायकांना पुन्हा चेटकीण ठरवणारा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.