साइडव्हीलची गाडी: वाटप झालं, चाचणीचं काय?

दिव्यांगांना स्कूटर वाटप झालं की फोटो येतात. हार, फीत, पाहुणे, नवी कोरी गाडी. मी स्वतः पोलिओच्या पायाने अशीच साइडव्हीलची गाडी, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर, चालवते. ती नसती तर माझी नोकरी टिकली नसती, त्यामुळे वाटपाला नावं ठेवणार नाही. पण असा फोटो दिसला की मी आधी मागची चाकं बघते. सस्पेन्शन दिलंय, की नुसता पाइप वेल्डिंग करून मोकळे झालेत?

साधी स्कूटर वळताना आत कलते, म्हणून तोल राहतो. बाजूला दोन चाकं लावली की हे कलणं बंद. मग जरा वेगात वळलं की अंग बाहेर फेकलं जातं, आतलं चाक उचलायला बघतं, आणि सगळा ताण येतो तो दुचाकीसाठी बनवलेल्या चासीवर (सांगाड्यावर), तिच्या बारीक टायरांवर. पट्टीचा दुचाकीवालाही पहिल्यांदा ही गाडी चालवताना वळणावर गडबडतो. वेग आधीच कमी करायचा, अंग आतल्या बाजूला झुकवायचं, हे मला कुणीही शिकवलं नाही. आणि ज्याच्या कमरेत जोरच नाही त्याने झुकायचं कसं?

ब्रेकची गोष्ट आणखी वाईट. या बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो. ती घट्ट बसवलेली असली तर रस्ता मध्ये खोलगट आला की भार त्यांच्यावर जातो आणि मधलं चाक जवळजवळ अधांतरी राहतं. इंजिनचा जोर त्याच चाकावर, मागचा ब्रेकही त्यालाच. कितीही दाबा, गाडी घसरत पुढे जाते. शिवाय दुचाकीला एक चाकोरी पुरते, आम्हाला तीन लागतात. मधलं चाक खड्ड्यातून वाचवावं तर डावं चेंबरवर आदळतं.

कायदा मात्र सुधारलाय, हे मान्य करायला हवं. मोटार वाहन कायद्यात पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणजे मुळातच दिव्यांगांसाठी बनवलेलं वाहन. नंतर बदल करून घेतलेलं त्यात बसत नसे. २०१९च्या दुरुस्तीने ‘अडॅप्टेड व्हेइकल’मध्ये परवानगीने बदल केलेली गाडीही आली. (बदल आरसीवर चढवून घ्या रे बाबांनो, नाहीतर अपघातानंतर विम्याच्या क्लेमला खोट निघते.) पण माझ्या पासिंगला कागद तपासले, गाडी वळवून कुणी बघितली नाही. पुण्यातले लोक ज्या एआरएआयच्या (वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या) टेकडीवर फिरायला जातात, तिथे देशभरातल्या गाड्यांच्या चाचण्या होतात. गल्लीतल्या फिटरने लावलेल्या चाकांना त्या टेकडीची हवासुद्धा लागत नाही.

“एवढी धोक्याची आहे तर बंदच करा ना,” असं म्हणणारे भेटतातच. त्यांना ब्रिटनची इनव्हाकार सांगते. तिथलं सरकार अपंगांना निळी, फायबरची, पुढे एकच चाक असलेली गाडी द्यायचं. सीट एकच, म्हणजे पोराबाळांना बरोबर नेणंही नाही. तिच्या तोलाबद्दल ओरड झाली, रेसिंग चॅम्पियन ग्रॅहम हिलनेही ती चालवून बघून नावं ठेवली. अखेर ३१ मार्च २००३ला ती रस्त्यावरून हटवली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७७मध्ये, मोटॅबिलिटी योजना निघाली होती आणि सरकारी भत्त्यातून नेहमीची कार भाड्याने घेता येऊ लागली होती. आधी दुसरी गाडी, मग बंदी. आपल्याकडे बंदी आली तर आम्ही थेट घरात.

म्हणून बंदी नको. जिल्हा परिषदा, महापालिका या गाड्या आमच्यासाठी घेतात, त्यांनी निविदेतच लिहावं: बाजूच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, जोडणीची अधिकृत चाचणी, रिव्हर्सची सोय (उतरून गाडी मागे ढकलणं आम्हाला जमत असतं तर ही गाडी कशाला घेतली असती?), आणि किल्ली देण्याआधी मोकळ्या मैदानावर वळणांचा सराव. खर्च वाढेल, दहाऐवजी आठ गाड्या येतील. चालेल.